वडिलांना टीव्ही ऐकू येत नाही, वायरलेस हेडफोन कुठला घ्यावा? (सांगली)

गावभागकर:
नमस्कार मंडळी. आमचे अण्णा ७८ वर्षांचे, दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, डावा जास्त गेलाय. संध्याकाळी बातम्या लागल्या की टीव्ही एवढा मोठा असतो की गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जातो, त्यात पोरीची दहावी. आणि एवढं करून अण्णा म्हणतात आवाज येतोय रे पण काय बोलतायत ते कळंना. साधा ब्लूटूथ हेडफोन लावून बघितला तर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात, शिवाय तो जोडला की टीव्हीचा आवाज बंद, मग आईनं काय ऐकायचं? कानाचं मशीन आहे पण घरात काढूनच ठेवतात. काय घ्यावं?

मिरजवेस:
आवाज येतो पण शब्द कळत नाहीत हे वयानं ऐकू कमी झालं की हमखास होतं. आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं आणि स, श, फ असली अक्षरं तिथलीच. आवाज वाढवला की मागचं संगीतही तेवढंच वाढतं, शब्द काही सुटे होत नाहीत. हेडफोननं निदान पंखा आणि कुकरची शिट्टी तरी मधे येत नाही. ब्लूटूथपेक्षा आरएफवाला बघा, म्हणजे टीव्हीजवळ स्टँड ठेवायचा आणि तो रेडिओ लहरींवर आवाज पाठवतो, ओठ आणि शब्द बरोबर चालतात, भिंतीपलीकडंही ऐकू येतं. सेनहायझरच्या आरएस सिरीजमधे असले सेट आहेत, आरएस १९५ मधे तर कमी ऐकू येणाऱ्यांसाठी वेगळी सेटिंगच आहेत. डावी-उजवी बाजू वेगळी कमीजास्त करता येते का तेवढं विचारून घ्या, अण्णांना ते लागणारच.

कृष्णाकाठ:
आमच्या आईसाठी हेच केलंय. स्टँड टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात लावू नका, बहुतेक टीव्हींचा स्पीकर त्यानं बंद पडतो. ऑप्टिकलमधून (उजेडावर आवाज नेणारी वायर) घ्या, मग बऱ्याच टीव्हींवर स्पीकरही चालू राहतो, आई आपल्या आवाजात ऐकेल आणि अण्णा हेडफोनच्या बटणावर हवा तेवढा करतील. जोडून काहीच आलं नाही तर घाबरू नका, टीव्हीच्या साउंड सेटिंगमधे डिजिटल आउटपुट डॉल्बीवर असतं ते पीसीएम करा.

गावभागकर:
मागं छोटं चौकोनी भोक आहे, आत लाल उजेड दिसतोय, तेच का?

कृष्णाकाठ:
हो तेच. वायरच्या टोकाला प्लास्टिकची टोपी असते ती काढून मग घाला, नाहीतर आत बसतच नाही.

मिरजवेस:
पण पैसे घालायच्या आधी मिरजेला नेऊन कान तपासून आणा, नुसता मळ असला तरी बराच फरक पडतो. ऑडिओग्राम (कुठला आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख) नवीन काढा आणि मशीन त्याप्रमाणं परत सेट करून घ्या, अण्णा ते काढून ठेवतात म्हणजे त्रास होत असणार, कर्कश वाटत असेल किंवा टोचत असेल, त्यांना नीट बसवून विचारा. मशीन ब्लूटूथचं असेल तर त्याच कंपनीचा टीव्ही स्ट्रीमर मिळतो, फोनॅक, ओटिकॉन, रीसाउंड सगळ्यांचे आहेत, आवाज थेट मशीनमधे येतो आणि तोही त्यांच्या कानाला जुळवलेला, ते जमलं तर हेडफोनची गरजच नाही. मशीनवरून हेडफोन घालायचा झाला तर अख्खा कान झाकणारा मोठाच घ्या, लहान असला की मशीन दाबलं जाऊन शिट्टी मारतं. आणि आवाज किती ठेवायचा ते तिथंच विचारून या, राहिलेलं ऐकू येणं जपायचंय.

गावभागकर:
मशीनच्या डबीवर ब्लूटूथची खूण आहे! कुणी सांगितलंच नव्हतं. शनिवारी अण्णांना घेऊन जातो, स्ट्रीमर लागतोय का बघतो, नाहीतर आरएफ ऑप्टिकलवर.