‘ऑस्ट्रसिझम’ला मराठीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल: इ.स.पू. 482 च्या अथेन्सवरचं टिपण भाषांतरित करतेय. अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणीत चांदी लागली, ती वाटून न घेता जहाजं बांधू या, असं थेमिस्टोक्लीझ या पुढाऱ्याने लोकांना पटवलं. त्याच सुमारास त्याचा प्रतिस्पर्धी अरिस्टायडीझ याचं नाव खापरांवर, म्हणजे फुटक्या मडक्यांच्या तुकड्यांवर, खरडून लोकांनी मतदानाने त्याला 10 वर्षांसाठी शहराबाहेर काढलं; हाच ‘ऑस्ट्रसिझम’. मी ‘वाळीत टाकलं’ लिहिलं, संपादकांनी ‘बहिष्कृत केलं’ केलं. दोन्ही खटकतंय.

नदीकाठ: खटकणारच. वाळीत टाकलेला गावातच राहतो, फक्त पाणवठा, लग्न-मयत बंद. हा गावाबाहेर, पण मालमत्ता आणि नागरिकत्व शाबूत. आरोप नाही, खटला नाही. सरळ तडीपारी म्हणा.

पाटीपेन्सिल: तडीपार म्हटलं की गल्लीतला दादा डोळ्यांपुढे येतो हो! याला लोक ‘न्यायी’ म्हणायचे. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, एका निरक्षर माणसाने न ओळखता त्याच्याच पुढे खापर धरलं, ‘अरिस्टायडीझ लिही’. का रे बाबा? तर ‘न्यायी, न्यायी’ ऐकून कान किटले! त्याने मुकाट लिहून दिलं.

शुद्धमती: हद्दपारही नको, ‘हद्द’ अरबी आहे. ‘खर्परनिष्कासन’ योजावे.

नदीकाठ: वाचकच निष्कासित होतील.

मोरपीस: ‘खापर फोडणे’ इथूनच आलं असणार, पैजेवर सांगतो!

शुद्धमती: काहीतरीच. खापर हे संस्कृत खर्परावरून.

केळफूल: शिवाय ते खापर फोडत नव्हते, फुटलेलंच वापरत होते. अ‍ॅक्रोपोलिस या अथेन्समधल्या टेकडीच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीझच्या नावाची 190 च्या आसपास खापरं सापडली, अक्षर मात्र जेमतेम 14 जणांचं. आयती लिहून वाटायला ठेवलेली असावीत. चिठ्ठ्या वाटणारे कार्यकर्ते तेव्हाही होते म्हणायचे!

खानदेशी: आमच्याकडे खापर म्हणजे मांडे भाजायचं पालथं मडकं. तुकड्याला खापर कोण म्हणतं?

मोरपीस: आणि खापरपणजोबा कुठल्या मडक्यातले?

पाटीपेन्सिल: मंडळी, टिपण उद्या द्यायचंय. इराणचा राजा झर्क्सीझ चालून आला तेव्हा, म्हणजे दोनच वर्षांत, अरिस्टायडीझला परत बोलावलं. ‘तडीपारी मागे घेतली’ चालेल का?

खानदेशी: पणजोबांच्या वर आधी निपणजोबा, मग खापरपणजोबा. बरोबर ना?

केळफूल: उलटं. आधी खापर.