मदत हवी आहे: शिक्षकांचा अभ्यासगट शाळेत कसा बसवावा? (बडोदा)

खडू_डस्टर:
बडोद्यातली सीबीएसई शाळा, पहिली ते आठवी, 24 शिक्षक. गणित शिकवणाऱ्या सहा जणांचा गट आपला आपणच चालवायचाय. बाहेरचा तज्ज्ञ नको, भाषण नको. प्रिन्सिपलबाईंची हरकत नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर दोनदा बसून पाहिलं: एकदा चार जण आले, एकदा दोन. बोलणं ‘पोर्शन किती राहिला’ यापुढे गेलंच नाही. वेळ, विषय, नोंदी कशा बसवायच्या? जाणकारांनी सांगावं.

दांडियाबाजारकर:
शनिवार सोडा. व्हॅन निघालेली, पोटात कावळे, कोण थांबणार? गट वेळापत्रकातच हवा. सहाही जणांना आठवड्यातला एक तास एकत्र ऑफ मिळाला पाहिजे. पाचवीपर्यंत वर्गशिक्षकच सगळं शिकवत असतील तर त्या तासाला त्यांच्या वर्गांना पी.टी., चित्रकला, संगीत टाका. पी.टी.ला दोन तुकड्या एकत्र मैदानावर चालतात, कॉम्प्युटर लॅबमध्ये नाही. हा तास कोऱ्या तक्त्यावर सगळ्यात आधी भरायचा. मागाहून घुसवलात तर एकासाठी तीन तास हलवावे लागतात.

एक आड एक आठवडा भेटा, मधल्या आठवड्यात त्याच तासाला वह्या तपासा.

आणि खरी मेख इथे आहे: कोणी रजेवर गेलं की सुपरवायझरचा पहिला हात याच तासावर पडतो, कारण सहा माणसं मोकळी दिसतात. प्रॉक्सीच्या (रजेवरच्याचा तास कोण घेणार त्याच्या) वहीत त्या रकान्यावर लाल फुली मारून घ्या, तीही प्रिन्सिपलबाईंच्या सहीने.

तिसरी_घंटा:
‘आज कशावर बोलायचं?’ असं विचारलंत की पोर्शनच निघणार. प्रत्येकाने पाच वह्या आणायच्या, त्याही एकाच प्रश्नाच्या.

उदा. सहावीला विचारा: 3.4 आणि 3.35 यांत मोठी कोणती? ‘3.35, कारण 35 हे 4 पेक्षा मोठे’ हे उत्तर सर्रास येतं. पण 3.4 लिहिणाऱ्यांवरही लगेच बरोबरची खूण करू नका. काहींच्या डोक्यात ‘दशांशचिन्हानंतर आकडे कमी, तर संख्या मोठी’ असंच असतं. म्हणून जोडीला 2.75 आणि 2.3 द्या. पहिला गट इथे चुकीच्या कारणाने बरोबर येतो, दुसरा पकडला जातो. दोन्ही उत्तरं मिळून वह्यांचे ढीग लावले की बोलायला विषय आपोआप मिळतो, आणि पुढच्या पंधरवड्यात वर्गात काय करून बघायचं तेही ठरतं.

40 मिनिटांची वाटणी: 5 मिनिटं मागचं काय झालं, 20 वह्या, 10 पुढचा प्रश्न तयार करणं, 5 लिहिणं. चहा आधी किंवा नंतर.

खडू_डस्टर:
सुरेख! पण चालवायचं कोणी? विभागप्रमुखांना नको म्हटलं तर रुसतील. आणि नोंदी वरून मागितल्या तर?

दांडियाबाजारकर:
त्यांना गटात घ्या, घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्या. दर दोन महिन्यांनी चालवणारा बदला. सात-आठच्या वर संख्या गेली की दोन गट करा, नाहीतर दोघं बोलतात आणि बाकीचे पेपर तपासतात.

नोंदी दोन ठिकाणी ठेवा. वर जाणाऱ्या कागदावर तारीख, विषय, हजेरीच्या सह्या. सीबीएसईच्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या वार्षिक 50 तासांतले 25 शाळापातळीवर करता येतात. 15 बैठका म्हणजे 10 तास. ते धरले जावेत म्हणून आधीच बोलून ठेवा. गटाच्या वहीत तीन ओळी: काय दिसलं, काय करून बघणार, कोण. तिथे वर्ग-तुकडी लिहू नका. ‘सहावी ब ला दशांश येत नाही’ हे वाक्य एकदा जरी वार्षिक मूल्यमापनात पोचलं, तर पुढच्या वेळी सगळे फक्त सुवाच्य, बरोबर वह्या घेऊन येतील.

तिसरी_घंटा:
सुरुवात नवरात्रात करू नका हो. दोनला गरब्याहून आलेल्या माणसापुढे वह्यांचा ढीग ठेवणं पाप आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा दुसरा आठवडा धरा. पहिला नुसत्या पेपरवाटपात जातो.