ईमेल छापताना पार्श्वभूमी गाळली, तर अक्षरांच्या रंगाचे काय करावे?

धागाकर्ता, सातपूर
गडद निळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत रक्कम आणि मुदत लिहिलेले ईमेल आता सर्रास येतात. ब्राउझरमधून छापताना शाई वाचावी म्हणून ती पट्टी गाळली जाते. ती हवी असेल, तर क्रोममध्ये ‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’वर आपणच खूण करावी लागते. पट्टी गाळण्यास माझा विरोध नाही. परंतु अक्षरांचा रंग आणि त्यामागचा रंग पाठवणाऱ्याने जोडीने निवडलेले असतात, त्यामुळे एक काढून दुसरा तसाच ठेवला की पांढऱ्या कागदावर पांढरी अक्षरे उरतात, म्हणजे मजकूरच नाहीसा होतो. सीएसएसच्या, म्हणजे वेबपानाची मांडणी व रंग ठरवणाऱ्या भाषेच्या, नियमावलीत ‘प्रिंट-कलर-ॲडजस्ट’ या गुणधर्माचे मूळ मूल्य ‘इकॉनॉमी’ (काटकसर) आहे आणि त्यात अक्षरांचा रंगही कागदाला अनुरूप करण्याची मुभा आहे. क्रोम फिकट अक्षरे गडद करतो. माझ्या मते ईमेलच्या प्रत्येक सॉफ्टवेअरने हे केलेच पाहिजे.

द्राक्ष निर्यात कार्यालय, पिंपळगाव बसवंत
मला हे मान्य नाही. परदेशी खरेदीदार मालाच्या तपासणीचा तक्ता ईमेलमध्येच पाठवतात आणि त्यात नाकारलेली खेप लाल, तर अटींसह स्वीकारलेली पिवळ्या चौकटीत असते. पार्श्वभूमी गाळलेला तक्ता नीट वाचता येतो, पण त्याचा निर्णय कागदावर उतरत नाही, आणि हा धोका अधिक गंभीर आहे, कारण कोरी जागा निदान लक्षात तरी येते. सॉफ्टवेअरने पाठवणाऱ्याच्या रंगांना हात लावू नये. पार्श्वभूमी छापणे हाच मूळ पर्याय असावा.

झेरॉक्स व्यावसायिक, जिल्हा न्यायालय परिसर
तो मूळ पर्याय झाला, तर जाहिरातवजा ईमेलच्या एका काळ्या पानावर किती टोनर जाईल, याचाही विचार व्हावा. शिवाय आमच्याकडील बहुतेक छपाई कृष्णधवल यंत्रावर होते. लाल आणि हिरवी चौकट त्यावर जवळपास सारख्याच करड्या ठिपक्यांची उमटते आणि तिच्यावरचे बारीक आकडे उलट अस्पष्ट होतात. ज्यांना निर्णय कळवायचा आहे, त्यांनी तो शब्दांतही लिहावा.

धागाकर्ता
मोजमापाने हा प्रश्न सुटू शकतो. वेबवरील सुगम्यतेच्या, म्हणजे दृष्टी कमी असलेल्यांनाही वाचता यावे यासाठीच्या, निकषांत साध्या मजकुरासाठी अक्षरे आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ इतके गुणोत्तर सांगितले आहे. शुद्ध पिवळी अक्षरे पांढऱ्यावर जेमतेम १.०७ : १ भरतात. छापण्यापूर्वी सॉफ्टवेअरने हा हिशेब करावा आणि कमी पडणारीच अक्षरे बदलावीत.

द्राक्ष निर्यात कार्यालय
त्याच हिशेबाने शुद्ध लाल अक्षरे पांढऱ्यावर सुमारे ४ : १ येतात, म्हणजे खरेदीदाराने लाल रंगात केलेली दुरुस्तीही आपल्या नियमाने काळी होईल आणि मूळ वाक्य कोणते, दुरुस्ती कोणती, हे कळणार नाही.

धागाकर्ता
काळी करण्याची गरज नाही, तोच रंग गडद करता येतो. गडद लाल हा निकष सहज पार करतो. चौकटीच्या बाबतीत मात्र आपला आक्षेप योग्य आहे, कारण तेथे अक्षरे गडद करून हरवलेला अर्थ परत येत नाही.

द्राक्ष निर्यात कार्यालय
मग निदान छपाईपूर्व दर्शनात ‘या ईमेलमधील पार्श्वभूमीचे रंग गाळले आहेत’ अशी ठळक सूचना आणि तिच्या शेजारीच ते परत आणण्याचे बटण असावे. सध्या तो पर्याय ‘अधिक सेटिंग्ज’मध्ये दडलेला असतो आणि नव्या कर्मचाऱ्याला तो आहे हेच माहीत नसते.

झेरॉक्स व्यावसायिक
या सूचनेस माझीही संमती आहे, मात्र मूळ पर्याय गाळण्याचाच राहावा.