अण्णांची टिपणे ग्रंथालयाला द्यायची आहेत, पण कागदांच्या मागच्या मजकुराचे काय करावे?

प्रश्न

नमस्कार. माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू) सोलापुरात मराठीचे प्राध्यापक होते. गेल्या मार्गशीर्षात ते गेले. शाहिरी वाङ्मय हा त्यांचा अभ्यासविषय, आणि त्यातही याच गावचे रामजोशी. लावण्यांच्या जुन्या बाडांतील (हस्तलिखित वह्यांतील) पाठभेद, म्हणजे एकाच ओळीची वेगवेगळी रूपे, त्यांनी चाळीस वर्षे टिपली. ती टिपणे बुटांच्या अकरा खोक्यांत भरलेली आहेत. अशा कामाला कोरा कागद वापरणे त्यांच्या जिवावर येई, म्हणून लग्नपत्रिकांच्या पाठी, दिनदर्शिकेची फाडलेली पाने, वह्यांचे उरलेले कागद, जे हाताशी येईल त्यावर ते लिहीत.

मी सहा वर्षांची असताना आई गेली. त्यानंतर माझ्या वेण्या अण्णाच घालत. रिबिनी मनगटाला गुंडाळून ते मोरोपंतांची केकावली म्हणायला लागत आणि चरणातल्या आठव्या अक्षरावर यती (विराम) आली की पेडाला हलकीशी ओढ देत. पृथ्वी वृत्ताची सतरा अक्षरे कानाच्या आधी माझ्या डोक्यालाच पाठ झाली होती.

एक ग्रंथालय टिपणे घ्यायला तयार आहे. परंतु त्यांच्या मागे दुधाचा हिशेब, माझी फी, माझ्या तापाचे आकडे असे बरेच काही आहे. अभ्यासाचा भाग तेवढा स्वच्छ उतरवून द्यावा आणि मूळ कागद घरीच ठेवावेत, असे नातेवाईक सुचवतात. काय करावे?

उत्तर १

ताई, मी सरांचा विद्यार्थी. २००४ साली सोलापूर विद्यापीठ स्थापन होईपर्यंत आपली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, त्यामुळे माझ्या प्रबंधाचे काम तिकडचे. पण खरी तपासणी तुमच्या स्वयंपाकघरात झाली. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता सरांनी माझे एक प्रकरण पूर्ण मोडायला लावले, कारण मी छापील पाठ प्रमाण धरला होता आणि बाडे पाहिलीच नव्हती. लावणी आधी गाणाऱ्याच्या गळ्यात असते, मग लिहिणाऱ्याच्या हातात येते, तेव्हा प्रत्येक हात तपासला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. साडेपाच वाजले की मात्र ते चर्चा अर्ध्यावर सोडून उठत, कारण तुम्हाला शाळेतून आणायचे असे. त्या वेळी मला याचा राग येई, हे आज कबूल करतो.

उत्तर २

जुन्या कागदपत्रांचे काम करणारी म्हणून सांगते, उतरवून देऊ नका, मूळ कागदच द्या. तुमचे वडील जे काम बाडांवर करत होते, तेच उद्या कोणी त्यांच्या टिपणांवर करील, आणि तेव्हा मागच्या बाजूचे दिनदर्शिकेचे पान किंवा लग्नपत्रिका हाच त्या टिपणाच्या काळाचा सर्वांत भरवशाचा पुरावा ठरेल. खोक्यांतला क्रम जराही बदलू नका. दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा, कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घाला, टाचण्या काढून टाका, कारण त्या गंजून कागद खातात, आणि लॅमिनेशन अजिबात करू नका.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कागद भेट दिले म्हणून लेखनाचा हक्क आपोआप दिला जात नाही. तो वारसांकडे राहतो, आणि लेखकाच्या हयातीत न छापलेल्या लेखनाबाबत प्रथम प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. तेव्हा देणगीपत्रात छपाईची परवानगी आणि घरगुती मजकूर कोणी, केव्हा पाहावा, हे स्पष्ट लिहून घ्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपल्या दोघांचीही मी ऋणी आहे. काल रात्री चौथे खोके उघडले. दिनदर्शिकेच्या एका पानामागे एका लावणीच्या धृपदाचे तीन पाठ लिहिले आहेत, तिसरा अर्ध्यावर तुटला आहे. समोर, तारखेच्या चौकटीत, पेन्सिलीने लिहिले आहे, ‘१०३. रात्री २. पट्ट्या चालू.’ तिसरा पाठ नंतर वेगळ्या शाईने पुरा केलेला दिसतो. आकडे आणि पाठ एकत्रच द्यायचे, हे ठरले.