शेततळ्यात जंगली बदकाचं पिल्लू सापडलंय, रात्र कशी काढू?

द्राक्षबाग · सायं. ६:४०
नमस्कार मंडळी. आम्ही निफाड तालुक्यात, नांदूर मधमेश्वर धरणाच्या अंगाला राहतो. आज दुपारी आप्पा मोटर चालू करायला शेततळ्यावर गेले, तर एक पिल्लू कडेकडेनं फिरत होतं. तळ्याच्या प्लॅस्टिकच्या कागदावर चढायला जायचं, घसरायचं, परत पाण्यात. आप्पांनी टोपल्यानं काढलं तेव्हा पार भिजून मान टाकली होती. आता आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून खोक्यात ठेवलंय. थोडी तरतरी आलीय आणि एकसारखं ओरडतंय. खायला काय घालू? शेजारच्या काकू म्हणतात दुधात पाव भिजवून दे. घरी एक कोंबडी खुडूक बसलीय, तिच्याखाली सोडलं तर? मोठं करून धरणावर सोडायचा विचार आहे.

पाणकावळा · ६:५२
दूध नको, पाव नको, कोंबडी तर नकोच. आधी फोटो टाका, नाहीतर चोच कशी आहे ते सांगा. पावसाळ्यात ‘बदकाचं पिल्लू’ म्हणून येणाऱ्या फोटोंत कितीतरी वेळा पाणकोंबडी निघते. काळंकुट्ट पिल्लू, टोकदार चोच, लांब सुटी बोटं असतील तर ती पाणकोंबडी, आणि तिला सुरुवातीचे दिवस आईबाप चोचीनं भरवतात. बदकाचं पिल्लू पहिल्या दिवसापासून स्वतः टिपून खातं. दोघांचं तंत्रच वेगळं.

द्राक्षबाग · ७:०१
फोटो नीट येत नाहीये, हलतंय फार. चोच चपटी, बोटांमध्ये पडदा. वरून तपकिरी, खालून पिवळट, डोळ्यातून काळी रेघ गेलीय. पाठीवर चार पिवळे ठिपके.

पाणकावळा · ७:०८
मग बहुतेक हळदी-कुंकू. मोठं झालं की काळ्या चोचीच्या टोकाला हळद आणि बुडाशी कुंकवाचे ठिपके, म्हणून ते नाव. हिवाळ्यात धरणावर येणारी थापट्या, चक्रवाक ही बदकं इथे अंडी घालत नाहीत. हे मात्र बारमाही इथलंच, पावसाळ्यात बांधाच्या गवतात घरटं करतं. आईबरोबर आणखी सात-आठ पिल्लं असणार. ती कुठून तरी वर चढली, हे राहिलं. म्हणजे पिल्लू अनाथ आहे असं लगेच धरू नका. आई दोन तळी पलीकडे असेल.

गुरांचा डॉक्टर · ७:१५
आज रात्री ऊब आधी, खाणं नंतर. गार पडलेल्या पिल्लाच्या चोचीत पाणी किंवा काहीही ओतू नका, श्वासनलिकेत जाऊन मरतं. कोरडं करा, पण चोळू नका, टिपून घ्या. लुगड्यातून बाहेर काढा, सुटे धागे पायाला अडकतात. खोक्यात जुना बनियन अंथरा. वर्तमानपत्र नको, घसरून पाय फाकतात ते फाकलेलेच राहतात.

खोक्याच्या एकाच बाजूला ४० किंवा ६० वॉटचा जुना तारेचा बल्ब टांगा. एलईडीला ऊब नसते, लोक तो लावून बसतात आणि सकाळी पिल्लू कडक झालेलं असतं. बल्बखाली ३३ ते ३५ अंश, दुसरी बाजू गार, म्हणजे त्याला हवं तसं सरकता येईल. थर्मामीटर नसेल तर पिल्लाकडेच बघा. बल्बखाली आकसून कर्कश ओरडत असेल तर गारठलंय, लांब जाऊन चोच उघडून धापा टाकत असेल तर बल्ब वर घ्या. लाईट गेली तर बाटलीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा.

द्राक्षबाग · ७:२३
बल्ब पोल्ट्रीवाल्या मामांकडून आणते. त्याला पाण्यात सोडायचं ना? बदकच आहे शेवटी.

गुरांचा डॉक्टर · ७:२६
अजिबात नाही! याच समजुतीनं पिल्लं जातात. आईच्या पंखाखाली राहून, चोचीनं पिसं साफ करून त्यांची लव पाणी न धरणारी राहते. एकट्या पिल्लाची लव पाणी पिते, मग ते गारठतं. बशीत चोच बुडेल एवढं पाणी, मधे धुतलेले खडे. पाणी मात्र कायम हवं, खाताना पाण्याशिवाय घास उतरत नाही.

मावशी_कोल्हापूर · ७:४०
आमच्याकडे लहानपणी पाव-दूध घालूनच वाढवलेलं की एक! काही होत नाही.

गुरांचा डॉक्टर · ७:४४
मावशी, ते जगलं ते त्याच्या नशिबानं. पक्ष्याला दूध पचत नाही आणि पावानं नुसतं पोट भरतं.

अडई · ८:०५
मी जरा वेगळं सांगते. आम्ही एक वाढवलं होतं, अडई नावाच्या जंगली बदकाचं. छान जगलं, तोच घोटाळा झाला. मी अंगणात चालले की मागे फटफट करत यायचं. भांडी घासायला बसले की पदराखाली. सगळ्यांना केवढं कौतुक! दोन-अडीच महिन्यांनी उडायला लागलं तेव्हा तळ्यावर नेऊन सोडलं. तिथं अडयांचा थवा होता, त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. काठावर कपडे धुणाऱ्या बायकांकडे चालत गेलं, पाठोपाठ त्यांच्या कुत्र्याकडेही. पुढचं लिहीत नाही.

कोनराड लोरेन्झ या शास्त्रज्ञाला १९७३ चं नोबेल मिळालं त्यात या अभ्यासाचाही वाटा होता. अंड्यातून निघाल्यावर पहिल्या काही तासांत जो हलताना दिसेल तो आई, असं हंसाचं पिल्लू ठरवून टाकतं. तुमच्या पिल्लानं खरी आई पाहिलीय, हे त्याचं भाग्य. ते पुसू नका. लाड नको, नाव नको, मुलांना हातात द्यायचं नाही. खोक्यात छोटा आरसा उभा करा. एकटं पिल्लू ओरडून ओरडून थकतं, आरशातल्या सोबत्याला टेकून झोपतं.

बांधावरचा · ८:३०
एवढं कशाला? पाळा की. आजोबांकडे चार-चार असायची.

पाणकावळा · ८:३८
आजोबांच्या वेळी कायदा निराळा होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. जंगली बदक घरी ठेवता येत नाही, आणि सापडलं तर ४८ तासांच्या आत कळवायचं असतं. वनविभागाची हेल्पलाईन १९२६, आत्ताच लावा. नोंद झाली की तुमचं ओझं उतरतं.

कोंबडीखाली का नको तेही सांगतो. जंगली पक्ष्याचा रोग कोंबड्यांना लागू शकतो. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूनं काय झालं ते पोल्ट्रीवाल्या मामांना विचारा. पिल्लू निरोगी असेलही, तरी खोकं खुराड्यापासून लांब आणि प्रत्येक वेळी हात साबणानं.

पहाटेचा एक प्रयोग करा. पिल्लू कोरडं आणि टवटवीत असेल तर उजाडताना द्राक्षाचं जाळीदार क्रेट त्याच्यावर पालथं घाला, शेततळ्याजवळच्या गवतात. तुम्ही पन्नास पावलं लांब बसा, कुत्रं बांधून ठेवा. हाक ऐकून आई आली तर क्रेट उचलायचं. तासभर बघा, ऊन चढायच्या आत परत आणा. दुसऱ्याच बदकाच्या लेंढारात मात्र सोडू नका, परकं पिल्लू टोचून मारतात.

द्राक्षबाग · दुसरा दिवस, सकाळी ९:१०
रात्र निघाली. दोनदा लाईट गेली, बाटलीनं तारलं. आरसा एकदम पटला, रात्रभर त्याला चिकटून होतं. सव्वापाच ते सव्वासहा क्रेटजवळ बसलो. एक जोडी दोनदा वरून फिरून गेली, उतरली नाही. आप्पांना खोकला आवरेना, कदाचित त्यानेच. १९२६ वर नोंद केलीय, माणूस उद्या येईल म्हणाले. आज खायला?

गुरांचा डॉक्टर · ९:३०
कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर खाद्य, पण औषध न मिसळलेलं. मामांच्या पोत्यावर वाचा. पाण्यात सैलसर कालवा. बदकाला नायसिन हे जीवनसत्त्व जास्त लागतं, किलोला ५५ मिलिग्रॅमच्या आसपास, कोंबडीच्या खाद्यात तेवढं नसतं आणि मग पायात जोर राहत नाही. दोन दिवसांनी काही बिघडत नाही, पण नेणाऱ्याला सांगा. सोबत उकडलेल्या अंड्याचा बलक चुरून आणि पाण्यावर वाढवतात तो बारीक हिरवा अ‍ॅझोला असेल तर तो.

द्राक्षबाग · ९:३४
अ‍ॅझोला आहे! गाईंसाठी वाफा केलाय.

द्राक्षबाग · ११:५०
बशीतल्या पाण्यावर चिमूटभर अ‍ॅझोला टाकला. पाच मिनिटं नुसतं बघत बसलं. मग चोच सपाट धरून पाण्यावरून अशी सरसर फिरवली, शिवणयंत्रासारखी, आणि बशी साफ. आईनं लांबूनच ‘आता जगतंय’ म्हणून जाहीर केलं.

द्राक्षबाग · तिसरा दिवस, दुपारी ४:२०
दुपारी वनरक्षक येऊन घेऊन गेले. तिकडे याच वयाची आणखी दोन आहेत म्हणे, त्यांच्यात ठेवणार. आरसा द्यायचा राहिला म्हणून मी त्यांच्या गाडीमागे पळाले, तर म्हणाले, आता लागणार नाही ताई.

आप्पा आत्ता शेततळ्यावर आहेत. चारही कोपऱ्यांत खुंट्या ठोकून जुनी गोणपाटं कागदावरून पाण्यात सोडतायत, वर नायलॉनच्या दोरीला मधे मधे गाठी. कागद फाटू नये म्हणून गोणपाटाच्या टोकाला दगड न बांधता वाळूची पिशवी बांधलीय. कुणी हे केलं असेल तर सांगा, गोणपाट किती दिवस टिकतं? कुजलं की मोटरच्या पाणी ओढणाऱ्या तोंडात, फूटव्हॉल्व्हात जाईल, अशी त्यांना धास्ती आहे.

बांधावरचा · ४:४१
एक पावसाळा धरा. आम्ही द्राक्षाची जुनी जाळी टाकलीय, चार वर्षं झाली. बारीक विणीची घ्या, मोठ्या भोकात साप अडकतात.