कार्बन मोजणारं ॲप स्कूटरचा आकडा दुप्पट का दाखवतं?

प्रश्न: कोथरूड ते हिंजवडी, जाऊन-येऊन ३६ किमी. ११० सीसी स्कूटर, अ‍ॅव्हरेज ४५. आठवड्यातले दोन दिवस बसने जायचं ठरवलंय, म्हणून एक परदेशी ॲप टाकलं. ते स्कूटरच्या दिवसाला ४ किलो कार्बन दाखवतं, आणि बसचा प्रवास बरेचदा 'कार' म्हणून नोंदतं. सेटिंग चुकतंय की ॲपच बदलावं?

टाकीफुल्ल: सेटिंगचा दोष नाही, आत धरलेला गुणक (किलोमीटरला किती कार्बन, तो आकडा) परका आहे. ब्रिटनच्या सरकारी तक्त्यात सरासरी मोटारसायकल किलोमीटरला सुमारे ११३ ग्रॅम धरतात. ३६ ने गुणा, तुमचे ४ किलो आलेच. पण एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. ४५ ने भागलं की ५१ ग्रॅम, म्हणजे दिवसाला १.८ किलो. ॲपमध्ये स्वतःचं वाहन टाकायची सोय असेल तर हा आकडा भरा. नसेल तर ॲपकडून फक्त किलोमीटर घ्या आणि गुणाकार स्वतः करा.

अ‍ॅव्हरेज मात्र कंपनीचं धरू नका. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजा: पंप तोच, नोझल पहिल्यांदा कट झाला की थांबायचं, वरून 'राउंड फिगर' करायला लावायचं नाही. ५ लिटरच्या टाकीत पाव लिटर इकडेतिकडे झालं तरी ५ टक्के चूक. म्हणून तीन टाक्यांची सरासरी काढा.

स्टॉपवरचा: बसची 'कार' होते, कारण फोनला कळतं ते ठिकाण, वेग आणि हादरे. वाकडच्या कोंडीत बस आणि कार सारख्याच सरकतात. ओळखायला उरतात ते स्टॉपवरचे थांबे, आणि बॅटरी वाचवण्याच्या नादात फोनने ॲप झोपवलं की नेमके तेच निसटतात. लोकेशनची परवानगी 'नेहमी' ठेवा, त्या ॲपपुरतं बॅटरी सेव्हिंग बंद करा. संध्याकाळी नकाशा एकदा पाहा. रेघ पाषाणच्या टेकडीवरून सरळ गेलेली दिसली तर मधला ट्रॅक तुटलाय आणि अंतर कमी धरलं गेलंय. प्रवासाचा प्रकार तेव्हाच हाताने बदला, आठवड्याने आठवत नाही.

बस कुठवर आली ते पुण्याच्या बससेवेच्या 'आपली पीएमपीएमएल' ॲपवर बघून मगच निघा. दोन दिवस टिकवायचे असतील तर कार्बनच्या आकड्यापेक्षा याचाच उपयोग जास्त.

प्रश्नकर्ता: आभार. बसला किती धरायचं? आणि गूगल मॅप्समध्ये कमी इंधनाच्या रस्त्यावर दिसणारं हिरवं पान, त्याचा उपयोग होईल का?

टाकीफुल्ल: सीएनजी बस किलोला ३ किमी धरली तर किलोमीटरला साधारण ९०० ग्रॅम. ४० माणसं असली की माणशी २२-२३, १५ असली तर ६०, म्हणजे तुमच्या स्कूटरपेक्षा जास्त! पण ती बस तुमच्याशिवायही धावणारच आहे. तुम्ही चढल्याने खरोखर वाचतं ते तुमचं ०.८ लिटर पेट्रोल. नोंदीत दोन्ही आकडे वेगळे ठेवा, एकात मिसळू नका.

हिरवं पान रस्त्यांचीच आपसात तुलना करतं. सेटिंगमध्ये इंजिनचा प्रकार बरोबर निवडा, स्कूटरवर असाल तर दुचाकी मोड लावा.

स्टॉपवरचा: पुढेमागे इलेक्ट्रिक घेतलीत तर गुणक पुन्हा तपासा. ब्रिटनच्या विजेला युनिटमागे सुमारे ०.२ किलो धरतात, आपल्याकडे कोळशामुळे ०.७ च्या आसपास. युनिटं चार्जरच्या प्लगला मीटर लावून मोजा, कारण स्कूटरच्या डिस्प्लेवर चार्जिंगमधली गळती येत नाही.