जीसी() हाताने चालवून केलेली मेमरी टेस्ट खरी मानायची का?

रिकामा_पॉइंटर:
जेएस इंजिनच्या (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) मेमरीच्या टेस्ट वाचतोय आणि डोकं फिरतंय. फ्लॅग लावून जीसी() (कलेक्शन, म्हणजे नको असलेल्या ऑब्जेक्टची मेमरी मोकळी करणं, हाताने सुरू करणारं फंक्शन) उघडं करायचं, चार ऑब्जेक्ट बनवून सोडून द्यायचे, शेवटी जीसी() मारायचं आणि हीपचा (ऑब्जेक्ट राहतात त्या मेमरीचा) आकडा उतरला की झाली टेस्ट पास. अरे पण बग तिथे नसतोच! इंजिनच्या सीप्लसप्लसच्या बाजूला कोणीतरी कच्चा पॉइंटर, म्हणजे ऑब्जेक्टचा नुसता पत्ता, धरून बसलेला असतो, पुढच्याच ओळीत ॲलोकेशन (नवी मेमरी घेणं) होतं, त्यातून कलेक्शन सुटतं, ऑब्जेक्ट हलतो नाहीतर मरतो आणि आपण जुन्याच पत्त्यावर लिहीत राहतो. शेवटी एकदा जीसी() मारून हे सापडणार कसं? त्यापेक्षा स्पायडरमंकीचं (फायरफॉक्सच्या जेएस इंजिनचं) जीसीझील बघा, मुद्दाम सारखं कलेक्शन चालवायची टेस्टची सोय, मोड 2 ला आकडा 1 दिला की प्रत्येक ॲलोकेशनला कलेक्शन. माझं मत, हेच लावा आणि बाकीचं फेकून द्या.

बॅरियरवाला:
फेकून द्या म्हणे. दर ॲलोकेशनला कलेक्शन लावून टेस्टचा अख्खा सूट एकदा चालवून बघ, मग बोलू. आणि वेळेचं सोड, त्यात एक आंधळी जागा आहे. तू प्रत्येक वेळी पूर्ण कलेक्शन एका दमात उरकतोस, म्हणजे मार्किंग (जिवंत ऑब्जेक्टवर खूण करणं) अर्धवट असताना जेएस कोड कधी चालतच नाही. खऱ्या वापरात मार्किंग तुकड्यातुकड्याने होतं, व्हीएटमध्ये (क्रोमच्या इंजिनात) तर वेगळ्या थ्रेडवर पण, आणि मधल्या काळात कोडने रेफरन्स इकडचा तिकडे केला आणि राइट बॅरियर (असा बदल कलेक्टरला कळवणारा कोड) राहून गेला असेल तर जिवंत ऑब्जेक्ट कचऱ्यात जातो. हा बग तुझ्या मोड 2 ला दिसणारच नाही. त्यासाठी झीलचेच इन्क्रिमेंटलचे (तुकड्यातुकड्याने कलेक्शनचे) मोड वेगळे आहेत, ते का सांगितले नाहीस?

अर्धवट_जॉब:
दोघंही जीसी() ला फारच हिणवताय. ES2021 (जावास्क्रिप्टच्या स्पेकची आवृत्ती) मध्ये वीकरेफ (ऑब्जेक्टला जिवंत न धरणारा रेफरन्स) आणि फायनलायझेशनरजिस्ट्री (ऑब्जेक्ट मेला की कळवणारी सोय) आले, त्यांची टेस्ट कलेक्शन मागितल्याशिवाय करून दाखवा. टेस्ट262 (स्पेक पाळलंय का बघणारा टेस्टचा संच) मध्येही होस्टकडून (इंजिन चालवणाऱ्या प्रोग्रामकडून) जीसी मागायची सोय ठेवलीच आहे ना? मात्र एक खड्डा आहे, मी स्वतः पडलोय. वीकरेफ बनवला, लगेच खाली जीसी(), आणि डीरेफ केलं (वीकरेफमधून ऑब्जेक्ट मागितला) तर ऑब्जेक्ट ठणठणीत! अर्धा दिवस लीक (न सुटलेली मेमरी) शोधला. लीक नव्हताच, चालू जॉब (आत्ता सलग चाललेला कोड) संपेपर्यंत तो धरून ठेवायचा असं स्पेकच सांगते. मध्ये एक टायमर टाकून त्याची वाट बघितली आणि मग जीसी() मारलं तेव्हा मेला बिचारा.

रिकामा_पॉइंटर:
बॅरियरचं मान्य, मोड 2 वर सगळं सोडलं ते चुकलंच. पण वीकरेफवाल्या, तू तपासतोस ते "मेला का", मला भीती "मरायला नको तो मेला का" याची. पहिल्याने मेमरी वाढते, दुसऱ्याने सिक्युरिटी होल पडतं. दोन्हीला एकच वजन देऊ नका.

बॅरियरवाला:
आणि "मेला का" तरी नक्की कुठे कळतं? जावास्क्रिप्टकोर (सफारीचं इंजिन) स्टॅक (चालू फंक्शनांची मेमरी) अंदाजाने स्कॅन करतं, तिथे पत्त्यासारखा दिसणारा जुना आकडा पडून असेल तर ऑब्जेक्ट जिवंतच धरला जातो. एकाच ऑब्जेक्टवर असर्ट (मेलाच पाहिजे अशी अट) लावलास तर टेस्ट आज पास, उद्या फेल. लूपमध्ये हजार बनव आणि बहुतेक गेले की नाही एवढंच बघ.

अर्धवट_जॉब:
बहुतेक म्हणजे किती, यावर आमच्या टीममध्ये आत्ताच वाद चालूय 😅